घरांतलेंच लेणें

सजावट म्हटली कीं हल्लीं प्रथम आठवतो तो बाजार. पडदे कोठें मिळतील, भिंतीवर टांगावयाचीं चित्रें कोणत्या दुकानांत स्वस्त आहेत, गणपतीपुढची आरास तयार मिळते काय, असे प्रश्न निघतात. घरांत काय आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक गृहशोभेचा विचार घरापासून निघून मग गरजेपुरता बाजाराकडे जावयास हवा. तो उलट्या वाटेनें येतो म्हणून पैसा अधिक खर्च होतो, हें तर उघडच आहे; परंतु आमच्या मतें त्याहून मोठें नुकसान दुसरेंच होतें. घरांतील माणसांना एकमेकांनीं केलेलें दिसेनासें होतें. हें विधान जरा चमत्कारिक वाटेल, म्हणून तें आज थोडें विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

निमित्त झालें तें एका वाचक भगिनींच्या पत्राचें. पत्र पुण्याच्या एका जुन्या पेठेंतून आलें आहे. या बाई घरांतील थोरल्या सूनबाई. घरांत सासूबाई, दीर, जावा व मुलेंबाळें मिळून अकरा माणसें. राहता वाडा पाडून तेथें नवी इमारत व्हावयाची आहे आणि तींत कुटुंबाला शेजारशेजारचे दोन फ्लॅट मिळावयाचे आहेत. सामान आवरतांना माळ्यावरून पांच पत्र्याच्या ट्रंका, दोन तांब्याचीं घंगाळें, डझनभर पाट, देवादिकांच्या तसबिरी आणि सासूबाईंच्या व त्यांच्याही सासूबाईंच्या लुगड्यांचे ढीग निघाले. सासूबाई म्हणतात, यांतलें कांहींएक टाकूं नका आणि लुगड्यांना कात्री लावूं नका. धाकटे दीर म्हणतात, नव्या जागेंत हें जुनेंपुराणें कशाला? लुगडीं बोहारणीला द्या, भांडीं मोडींत घाला आणि सर्व कांहीं नवें घ्या. पत्रलेखिकेच्या मनांत मात्र याच जिनसांतून नवें घर सजवावें असें आहे. तें बोलून दाखवितांच सासूबाईंचे डोळे भरून आले, आणि दीर म्हणाले, "वहिनी, लोक म्हणतील, फ्लॅट घेतला आणि पडद्यांना पैसे उरले नाहींत!" आठ दिवस घरांत नीट बोलणें नाहीं. कोणाचें चुकतें तें सांगा, असा बाईंचा प्रश्न आहे.

परक्याच्या घरांतील तंट्याचा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु हा तंटा आज अनेक घरांतून चालला आहे आणि तो वरवर दिसतो तसा लुगड्यांचा नाहीं, म्हणून त्याचा विचार चारचौघांत होण्यास हरकत नसावी.

प्रथम एका शब्दाकडे पाहूं. कृतज्ञता हा शब्द आपण आभार या अर्थीं वापरतों. त्याची फोड केली तर कृत म्हणजे केलेलें आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्यानें आपल्यासाठीं जें केलें तें जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे या गुणाचा आरंभ बोलण्यांत नसून जाणण्यांत आहे. आभाराचा एक शब्दही न उच्चारणारा मनुष्य कृतज्ञ असूं शकेल. परंतु आपल्या अंगावरचें पांघरूण कोणाच्या लुगड्याचें आहे आणि तें कोणीं शिवलें हें ज्यास ठाऊक नाहीं, तो कितीही गोड बोलला तरी कृतज्ञ कसा व्हावा? त्याला मुळीं कृतच माहीत नाहीं. बाजारांतून आणलेली वस्तूही कोणीतरी केलेलीच असते, परंतु तो कोणीतरी आपल्या दृष्टीस पडत नाहीं. घरांत केलेल्या वस्तूचा कर्ता डोळ्यांपुढें असतो. तो गेला तरी त्याचें नांव कांहीं काळ घरांत कोणाच्या तरी तोंडीं राहतें. असलेल्या जिनसांतून सजविलेल्या घराचें खरें मोल येथें आहे. पैसे वांचतात, ही त्याची दुय्यम बाजू होय.

आपल्याकडे एके काळीं लुगड्याचें आयुष्य कसें असे तें पाहावें. नवें लुगडें प्रथम सणासमारंभास, मग रोजच्या नेसणीस. तें मध्यें विरलें कीं विरलेला भाग काढून, दांड घालून पुन्हां नेसावयास. तेंही टिकेनासें झालें म्हणजे त्यांतून लेकींचे परकर आणि बाळाचीं दुपटीं निघत. नवें कापड तान्ह्याच्या अंगाला टोंचतें, अनेकदां धुतलेलें जुनें सूत टोंचत नाहीं. त्याहून जुन्याची गोधडी होई. गोधडी फाटली कीं तिचे तुकडे पायपुसण्याला आणि चुलीवरचें भांडें धरावयाला, आणि सर्वांत शेवटीं पोतेरें. म्हणजे ज्या लुगड्यानें घरांतील मंगलकार्यें पाहिलीं तेंच अखेर त्या घराची जमीन सारवून विसांवा घेई. या साऱ्या प्रवासांत तें घराबाहेर पडत नसे आणि घरांतील प्रत्येक माणसाच्या उपयोगीं पडल्यावांचून राहत नसे.

या गोधडीचें गणितही मनोरंजक आहे. नऊवारी लुगडें म्हणजे २७ फूट लांब. तें चौपदरी केलें तर प्रत्येक थर पावणेसात फुटांचा होतो. पन्हा सुमारें पावणेचार फूट. म्हणजे एका लुगड्यांत एका माणसाच्या गोधडीचे चार थर निघतात आणि कात्री लावण्याची गरजच पडत नाहीं. मध्यें आणखी एखादें विरलेलें कापड घालावें, कडा दुमडाव्या आणि बोटाबोटाच्या अंतरावर धांवदोरा घालीत जावें, एवढीच तिची कृति. संस्कृतांत हिला कंथा म्हणतात. बंगाल्यांत तोच शब्द कांथा होऊन राहिला आहे, आणि कर्नाटकांत तिला कौदी हें नांव आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या बायकांनीं हें काम केलें तें कोणा शिक्षकाकडे जाऊन नव्हे. थंडी होती, जुनें कापड होतें आणि सुई होती.

जीर्ण वस्त्राचा असा अखेरपर्यंत उपयोग करण्याची रीति किती जुनी आहे, हें विनयपिटकांतील चुल्लवग्गाच्या एका कथेवरून दिसतें. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनीं आनंद भिक्षूस पांचशें वस्त्रें दान केलीं. एवढ्या वस्त्रांचें हा काय दुकान मांडणार आहे, अशी शंका राजाला आली आणि त्यानें आनंदास गांठून विचारलें. ज्या भिक्षूंचीं चीवरें जीर्ण झालीं आहेत त्यांना हीं वांटूं, असें आनंदानें सांगितलें. मग जुन्या चीवरांचें काय कराल? त्यांच्या अंथरुणावर घालावयाच्या चादरी करूं. जुन्या चादरींचें? गादीच्या खोळी. त्या विटल्या म्हणजे जमिनीवरचें अंथरूण, त्याचीं पुढें पायपुसणीं, त्यांचीं धूळ झटकावयाचीं फडकीं. आणि तींही फाटलीं कीं त्यांच्या चिंध्या मातींत मळून तिनें जमीन लिंपूं. राजा प्रसन्न झाला आणि त्यानें आपल्याकडून आणखी पांचशें वस्त्रें दिलीं. भिक्षूच्या विहारांतील फडकें आणि आपल्या आजीच्या घरांतील पोतेरें एकाच वाटेनें गेलेलीं आहेत. वस्त्र दुसऱ्यानें दिलेलें आहे, हें ध्यानांत ठेवणाऱ्याच्या हातून तें वायां जात नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं ही काटकसर झाली, हींत कला कोठें आहे? त्यास वात्स्यायनाकडे पाठविलें पाहिजे. कामसूत्राचें नांव काढतांच कोणी दचकूं नये; त्या ग्रंथाचा एक भाग गृहिणीच्या कारभारास वाहिलेला आहे. वर्षाची प्राप्ति मोजून तिच्या मानानें खर्च करावा, जेवून उरलेल्या दुधादह्याचें तूप करावें, जीर्ण वस्त्रें जमवून तीं धुऊन किंवा रंगवून चाकरमाणसांस द्यावीं अथवा दुसऱ्या उपयोगास लावावीं, असें तेथें सांगितलें आहे. आणि याच ग्रंथांत चौसष्ट कलांची जी प्रसिद्ध यादी आहे तिच्यांत तांदूळ व फुलें यांच्या रचना आहेत, सुईचें काम आहे, शय्या रचणें आहे. जुनें कापड राखणें आणि सुईनें तें शोभिवंत करणें हीं दोन्ही त्या ग्रंथकारास घर चालविणाऱ्याच्या अंगचींच वाटत होतीं. तीं दोन वेगळीं आहेत, पहिलें गरिबाचें आणि दुसरें श्रीमंताचें, ही समजूत अलीकडची आहे.

आपल्याकडची घरगुती कला पाहिली तर ती बहुतेक हाताशीं असलेल्या जिनसेंतूनच उमललेली दिसते. घाटावर शिरगोळ्याचा मऊ दगड कुटून रांगोळी करीत. कोंकणांत तो दगड हातीं नसे, तेथें भाताचें तूस जाळून पांढरी रांगोळी केली. सारवलेलें अंगण हाच फलक, आंगठा आणि तर्जनी हेंच साधन. एवढ्यावर चैत्र महिन्यांत गौरीचा झोपाळा, सूर्यचंद्र, शंखचक्र, कासव, नाग, तुळशीवृंदावन असें सबंध चैत्रांगण उमटे. फुटलेल्या कांचेच्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या ज्योतीवर धरून वांकवीत आणि एकांत एक अडकवून दाराला तोरण करीत. गोव्यांत व दक्षिण कोंकणांत गणपतीच्या वर लांकडी चौकट टांगून तिला रानांतलीं कवंडळें, कांगण्या, सुपारीचे घोस, नारळ बांधतात. तीच माटोळी किंवा माटवी. २०१८ च्या मार्च महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें प्लास्टिक व थर्मोकोल यांच्या वस्तूंवर बंदी घातली, तेव्हां आतां मखराचें कसें करावें म्हणून पुष्कळ घरांत चिंता पडली. ज्यांच्याकडे माटवी बांधण्याचा प्रघात आहे त्यांना मखरासाठीं कोणत्याही दुकानाकडे पाहावें लागलें नाहीं. त्यांचें दुकान घराच्या मागें टेंकडीवर होतें, आणि तेथें काय पिकलें आहे यावर त्या वर्षाची आरास ठरत असे. साधन थोडें असलें म्हणजे बुद्धीला काम मिळतें. सर्व कांहीं तयार मिळूं लागलें म्हणजे बुद्धीला फक्त निवड करावयाची उरते.

विकत घेतलेल्या वस्तूचा आम्ही तिरस्कार करतों असें मात्र कोणी समजूं नये. १८९४ सालीं मुंबईंत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघर गेल्या. एकच चित्र अनेक घरांत. परंतु कित्येक घरांतील बायकांनीं काय केलें? त्या लक्ष्मीच्या लुगड्यावर जुन्या पदराची जर चिकटविली, अंगावरच्या दागिन्यांवर मणी आणि टिकल्या लावल्या, आणि मग तसबीर चौकटींत बसविली. अशा सजविलेल्या तसबिरी आज संग्राहक जपून ठेवतात. छापखान्यांतून निघालेली लक्ष्मी सर्वांची होती. जर लावल्यावर ती त्या घराची झाली. बाजारांतून आणलेल्या वस्तूवर घरचा हात फिरला पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

वस्तूंविषयीं कृतज्ञ राहण्याची संवय आपल्या सणांतही आहे. खंडेनवमीला सुतार आपलीं हत्यारें पुजतो, शिवणारीण यंत्राला फुलें वाहते, आणि विळी-कातरीलाही हळदकुंकू मिळतें. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं दागिन्यांच्या शेजारीं नवी केरसुणी मांडतात, तिलाच लक्ष्मी म्हणतात. ज्या घरांत केरसुणीला वर्षांतून एकदां नमस्कार होतो, त्या घरानें आजीच्या पाटाला अडगळ म्हणावें, ही विसंगति नव्हे काय?

आतां सासूबाईंची बाजू. त्यांचे डोळे कां भरून आले हें समजण्यास फारशी बुद्धि लागत नाहीं. ज्या लुगड्याच्या पदराला मुलांनीं तोंडें पुसलीं त्यावर कात्री म्हणजे आपल्या गेलेल्या दिवसांवर कात्री, असें त्यांना वाटलें असेल. त्या भावनेचा मान राखूनच आम्ही त्यांना सांगतों कीं ट्रंकेंतलें वस्त्र सुरक्षित नसतें. रेशीम आणि जर वर्षानुवर्षें एकाच घडीवर राहिलीं कीं त्या घडीवरच तुटतात. पैठणी राखावयाची तर ती धुतलेल्या मऊ सुती फडक्यांत गुंडाळावी, दर दोनचार महिन्यांनीं काढून घडी बदलावी, सावलींत थोडा वारा द्यावा, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागूं देऊं नयेत. ज्या वस्त्राची एवढी काळजी घेतली जात नाहीं तें आपण जपून ठेवलें आहे असें म्हणतां येणार नाहीं. तें आपण विसरून ठेवलें आहे. धड असलेल्या पैठणीला कात्री लावावी असें आम्हीही म्हणत नाहीं. परंतु जिचें अंग विरून गेलें आणि पदर तेवढा शाबूत आहे, तिचा पदर कांचेच्या चौकटींत भिंतीवर लावला तर तो रोज दिसेल. सुती लुगड्यांच्या गोधडीस तर कात्री लागतच नाहीं, हें वरच्या गणितांत आलेंच आहे. सासूबाईंनीं तें एकदां स्वतः मोजून पाहावें.

धाकट्या दिरांनाही दोन शब्द सांगणें आहे. नव्याची हौस हा अपराध नव्हे, आणि अकरा माणसांच्या दोन फ्लॅटांत वाड्याचें सगळें सामान मावणार नाहीं हेंही त्यांचें म्हणणें खरें आहे. बोहारीण जुनीं लुगडीं घेऊन भांडें देते. तो प्रामाणिक धंदा आहे आणि त्यामुळें कापड पुन्हां कोणाच्या तरी अंगावर जातें. परंतु खऱ्या जरीचीं जुनीं वस्त्रें घेऊन जाळणारे व त्यांतली चांदी काढून घेणारेही व्यापारी असतात. विणकरानें महिनोन् महिने मागावर बसून जें विणलें तें घटकाभरांत राख होतें आणि आपल्या हातीं थोडे रुपये येतात. वाड्याचे सागवानी दरवाजे आणि कोरीव खांब जुन्या बाजारांत जातात आणि तेथून दुसऱ्या कोणाच्या दिवाणखान्यांत शोभेला बसतात. आपल्या पणजोबांचा दरवाजा दुसऱ्यास विकावा आणि स्वतःच्या घरासाठीं जुन्यासारखें दिसणारें नवें लांकूड विकत आणावें, यांत कोणता व्यवहार साधला? गोधड्या आणि खणाचीं तोरणें आज प्रदर्शनांतून चढ्या भावानें विकलीं जातात. तींच दिरांनीं विकत आणलीं असतीं तर लोकांनीं रसिकता म्हटली असती. मग घरच्या लुगड्याची गोधडी पाहून लोक दारिद्र्य कां म्हणतील? आणि म्हटलें तरी म्हणणारा पाहुणा घटकाभर बसून जातो. त्या घरांत अहोरात्र राहावयाचें तें आपल्याला.

आतां पत्रलेखिका भगिनींना. त्यांचा मार्ग आम्हांस पसंत आहे. परंतु त्यावर एक खड्डा आहे तो दाखविणें आमचें कर्तव्य आहे. काटकसरीची सजावट फुकट होत नाहीं. तिची किंमत कोणाच्या तरी हातांनीं आणि डोळ्यांनीं भरलेली असते, आणि आमच्या एकत्र कुटुंबांत ते हात बहुधा सुनांचे असतात. घरच्या गोधडीचें कौतुक करणाऱ्या पुरुषांपैकीं किती जणांनीं तिच्यांत एक टांका घातला आहे? दिवसभराचें काम आटोपून दुपारची विश्रांति सोडून जी शिवीत बसते तिच्या श्रमाला पैशाचा आंकडा नसतो, म्हणून घरानें तो श्रम शून्य मानूं नये. दुसऱ्याच्या श्रमावर केलेल्या काटकसरीला कृतघ्नता असेंच नांव आहे. म्हणून हें काम एकट्या थोरल्या सुनेचें होतां कामा नये. पाट घांसून त्यांना तेलपाणी करणें, तसबिरींचे मागचे पुठ्ठे बदलणें, भिंतींत खिळे ठोकणें, घंगाळें चिंच आणि मीठ लावून उजळणें, हीं कामें दिरांनीं आणि मुलांनीं करावीं. शिवणाराही पुरुष असावयास कांहीं हरकत नाहीं. शिंपी बहुधा पुरुषच असतो.

आणखीही एक भान राखावें. ज्यांच्याजवळ वाकळेवांचून दुसरें पांघरूणच नाहीं त्यांच्या वाकळेला कोणी सजावट म्हणत नाहीं. आपल्याला निवड करतां येते हेंसुद्धां कोणाच्या तरी कष्टांचें फळ आहे. म्हणून ट्रंकांत जें वापरण्याजोगें असून आपल्याला नको असेल तें धुऊन, नीट घडी करून, मानानें द्यावें. फाटकें आपण ठेवावें आणि धड दुसऱ्यास द्यावें. सामान्यतः होतें तें याच्या उलट.

आमची सूचना अशी आहे. एका रविवारीं अकराही माणसांनीं माजघरांत बसावें आणि ट्रंका एकेक करून उघडाव्या. प्रत्येक वस्तु सासूबाईंच्या हातीं द्यावी. ती कोणाची, कोठून आली, केव्हांची, हें त्यांनीं सांगावें आणि एखाद्या शाळकरी मुलानें वहींत लिहून घ्यावें. मग चार वांटे करावे: रोज वापरावयाचें, शोभेला लावावयाचें, जपून ठेवावयाचें आणि द्यावयाचें. जपावयाचा वांटा एका ट्रंकेंत मावेल एवढाच असावा, म्हणजे त्याची निगा राहील. शोभेच्या वांट्यांतून काय होईल तें पुढें आपोआप सुचत जातें. सुती लुगडें दुहेरी करून दारावरच्या दांडीवर टाकलें कीं दोन्ही बाजूंना पावणेसात फूट पडदा होतो. मात्र सतत ऊन येणाऱ्या खिडकीला जुनें सूत लावूं नये, तें लवकर विरतें. रिकाम्या ट्रंकेवर गोधडी घातली कीं बसावयाची जागा होते. पाटाला गेरू दिला म्हणजे अंगण नसलेल्या घरांतही चैत्रांगण काढतां येतें. घंगाळांत पाणी घालून दारांत फुलें सोडावीं. वाड्यांत झोपाळा असेल तर त्याच्या कड्यांविषयीं इमारतीचा स्लॅब पडण्यापूर्वींच सांगून ठेवावें. कडी सळयांत अडकवून ओतली गेली तर ती वजन सहन करते, मागाहून बसवावयाची तर जाणत्याकडूनच बसवून घ्यावी लागते.

आणि गोधडी तयार झाली म्हणजे तिच्या एका कोपऱ्यांत दोन नांवें दोऱ्यानें घालावीं: लुगडें कोणाचें होतें तें आणि शिवलें कोणीं तें. आपल्याकडच्या बायकांनीं कितीतरी गोधड्या शिवल्या, परंतु त्यांवर शिवणारीचें नांव नसतें. एका पिढीनंतर घरांतही तें कोणास ठाऊक राहत नाहीं. टांके टिकतात आणि नांव हरवतें. ही उणीव दूर करावयास चार अंगुळें दोरा पुरतो.

पुढें नव्या जागेंत गणपति बसेल, पाहुणे येतील, आणि दिवाणावरचें पांघरूण पाहून कोणी विचारील, हें कोठून आणलें? त्या वेळीं वडील माणसांनीं गप्प राहावें आणि घरांतल्या लहानग्याला उत्तर देऊं द्यावें, कीं आणलें नाहीं, हें पणजीचें लुगडें आहे, काकूनें शिवलें आहे, आणि कडेची ही वांकडी ओळ बाबांची आहे.